दिसणे आणि नाते : जीवाणू व आर्किया यांच्या वर्गीकरणाविषयी

वनस्पती आणि प्राणी यांचे वर्गीकरण ज्या काळात शास्त्र म्हणून उभे राहिले, त्या काळी अभ्यासकाच्या हाताशी सर्वांत मोठे साधन होते ते त्याचे स्वतःचे डोळे. पाकळ्या किती, पुंकेसर किती, दात कसे, खूर दुभंगलेले की अखंड, हे पाहून आणि एकमेकांशी ताडून कोणता जीव कोणाचा आप्त हे बऱ्याच अंशी ठरवता येत असे, आणि त्यात चूक झालीच तर ती सुधारण्यासाठी जीवाश्मांची साक्ष काढता येत असे. जीवाणूंच्या बाबतीत यांपैकी कोणताच आधार नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू दिसतो तो एक गोळी, एक कांडी किंवा एक वळलेला तंतू म्हणून. त्याहून अधिक तपशील त्याच्या बाह्यरूपात फारसा नसतो, आणि त्याचे जीवाश्म मिळाले तरी त्यांतून गोळी आणि कांडी यांपलीकडे सहसा काही वाचता येत नाही. म्हणून जीवाणूंच्या वर्गीकरणाचा इतिहास हा एका अर्थाने डोळ्यांवरचा विश्वास हळूहळू सोडून देण्याचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आजची वर्गवारी ही केवळ अवघड नावांची जंत्री वाटण्याचा धोका आहे.

डेल्फ्ट येथील अँटनी व्हॅन लीवेनहूक याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन केले आणि पुढे १६८३ च्या पत्रात दातांवरच्या किटणात आढळलेल्या जीवांचे वर्णन करून त्यांच्या आकृत्याही दिल्या. त्यानंतर जवळजवळ शतक उलटूनही, सृष्टीतील प्रत्येक वस्तूला जागा नेमून देणाऱ्या कार्ल लिनियसला या जीवांसाठी ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, यापेक्षा नेमके नाव सापडले नव्हते. खऱ्या अर्थाने पहिली मांडणी केली ती ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने, १८७२ मध्ये. त्याने जीवाणूंचे आकारावरून चार गट पाडले: गोलाकार, आखूड दंडाकार, लांब दंडाकार आणि सर्पिल. आज ही विभागणी बाळबोध वाटते. परंतु कोनचे मोठेपण चार गटांत नसून त्यामागच्या आग्रहात आहे. त्या काळी अनेक जाणकारांचे मत असे होते की जीवाणूंना स्थिर जाती नसतातच, परिस्थितीप्रमाणे गोलाचा दंड आणि दंडाचा सर्पिल होतो. कोनने ठामपणे सांगितले की जीवाणूंमध्येही जाती असतात आणि त्या आपले गुण पुढच्या पिढीकडे देतात. हा आग्रह नसता तर एका रोगाला एक विशिष्ट जंतू कारण असतो, हे रॉबर्ट कॉखचे प्रतिपादन उभेच राहू शकले नसते. १८७६ मध्ये कॉख आपले काळपुळीच्या जीवाणूवरील प्रयोग दाखवण्यासाठी प्रथम कोनकडेच गेला, हा योगायोग नव्हे.

जीवाणू म्हणजे काय, याचे आज दिले जाणारे स्थूल वर्णन येथे नोंदवणे आवश्यक आहे. बहुतेक जीवाणूंची जाडी अर्धा ते दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मागेपुढे असते. त्यांचे डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती धारण करणारा रेणू, बहुधा एका बंद वेटोळ्याच्या रूपात पेशीरसातच असते. त्याभोवती पटल नसते, म्हणजेच पेशीत केंद्रक नसते. प्रथिने बनवणारे सूक्ष्म कण, ज्यांना रायबोसोम म्हणतात, ते आपल्या पेशींतील रायबोसोमांपेक्षा लहान असतात. पेशी वाढते आणि दुभंगते, हेच पुनरुत्पादन. एश्चेरिशिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, तर कुष्ठरोगाच्या जीवाणूला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. प्रत्येक विधानाला अपवाद आहेत. २०२२ मध्ये ग्वादेलूप बेटावरील खारफुटीच्या कुजक्या पानांवर राहणारा थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू प्रकाशात आला. तो सुमारे एक सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आहे आणि त्याचे डीएनए पटलांनी वेढलेल्या लहान लहान पिशव्यांत बंदिस्त असते. पण या वर्णनातली खरी अडचण अपवादांची नाही. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शात्तों याने १९२५ मध्ये सजीवांची ‘आदिकेंद्रकी’ आणि ‘दृश्यकेंद्रकी’ अशी, म्हणजे स्पष्ट केंद्रक नसलेले आणि असलेले अशी, विभागणी सुचवली आणि पुढे ती सर्वमान्य झाली. तीत आदिकेंद्रकींची ओळख नकारांनी होते. केंद्रक नाही, अंतर्गत पटले नाहीत, पेशीतील अवयव नाहीत. एखादी गोष्ट नसणे हा नात्याचा पुरावा नव्हे. बेडूक आणि गांडूळ दोघांनाही पिसे नसतात म्हणून ते सख्खे ठरत नाहीत. हा साधा तर्कदोष जीवशास्त्राने जवळजवळ अर्धशतक निमूटपणे बाळगला.

आकारानंतरची मोठी खूण मिळाली ती रंगातून. डॅनिश वैद्य हान्स क्रिश्चन ग्राम याने १८८४ मध्ये बर्लिन येथे न्यूमोनियाने मृत झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या ऊतकातील जीवाणू ठळक दिसावेत म्हणून एक अभिरंजनपद्धती बसवली. जांभळा रंजक, त्यावर आयोडीनचे द्रावण आणि मग अल्कोहोलने धुणे, असा तिचा क्रम. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडतात आणि नंतर दिलेला तांबूस रंग घेतात. ग्रामला वर्गीकरण करायचे नव्हते. काही जीवाणू रंग सोडून देतात हे त्याच्या दृष्टीने पद्धतीचे वैगुण्यच होते. त्या वैगुण्यातच जीवाणूंच्या रचनेतील एक खोल भेद दडलेला होता, हे उलगडायला अनेक दशके जावी लागली. जीवाणूच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नावाचे, शर्करांच्या साखळ्या आणि अमिनो आम्लांचे दुवे यांनी विणलेले जाळे असते. रंग धरणाऱ्या, म्हणजे ग्राम-धन जीवाणूंत हे जाळे जाड, अनेक पदरी असते. रंग सोडणाऱ्या, म्हणजे ग्राम-ऋण जीवाणूंत ते पातळ असून त्याबाहेर आणखी एक पटल असते, जे अनेक प्रतिजैविकांना आत येऊ देत नाही. रुग्णालयातील प्रयोगशाळा आजही थुंकी, पू किंवा मेंदूजल यांच्या नमुन्यावर पहिली परीक्षा हीच करते आणि औषधाची पहिली निवड तिच्यावरून होते. तरीही नाते सांगण्याच्या कामी ही खूण पुरी पडत नाही. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे तो रंग धरत नाही. पण वंशाने तो ग्राम-धन बॅसिलसच्या गोतावळ्यातला आहे. क्षय आणि कुष्ठरोग यांच्या जीवाणूंच्या आवरणात मायकोलिक आम्ले नावाचे मेणासारखे पदार्थ असल्याने त्यांना हा रंग नीट चढत नाही, आणि त्यांच्यासाठी आम्लाने धुतल्यावरही टिकणारे वेगळे अभिरंजन योजावे लागते.

रूपाने भागेना तेव्हा अभ्यासक वर्तनाकडे वळले. एखादा जीवाणू प्राणवायूत वाढतो की त्याने मरतो, कोणती साखर आंबवतो, दूध नासवतो की नाही, जिलेटिन विरघळवतो की नाही, अशा कसोट्यांचे मोठे जाळे तयार झाले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन याने त्या जीवाणूची जी ओळख वापरली, ती या पद्धतीचा लक्षणीय नमुना आहे: मांसरसावर तुपाचा तवंग ठेवला असता प्लेगचा जीवाणू त्या तवंगाखालून, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांप्रमाणे, खाली लोंबत वाढतो. वर्तनाच्या अभ्यासाने जीवसृष्टीविषयीचे जे ज्ञान वाढवले, त्याचा खरा मानकरी सर्गेई विनोग्राद्स्की होय. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की काही जीवाणू गंधकाच्या संयुगांचे, तर काही अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही आणि इतर जीवांनी तयार केलेले अन्नही लागत नाही. वनस्पती आणि प्राणी मिळून जगण्याच्या दोनच मोठ्या रीती वापरतात, असे म्हणता येईल. बाकी सगळ्या रीती या सूक्ष्म जीवांकडे आहेत.

या साऱ्या कसोट्या एकत्र बांधणारा बर्गी यांचा निर्धारणग्रंथ १९२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. समोरचा जीवाणू कोणता हे ओळखण्यासाठी तो अत्यंत उपयुक्त ठरला. मात्र ओळखणे आणि नाते सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. साखर आंबवण्याची क्षमता एका घराण्यात नष्ट होऊ शकते आणि दुसऱ्या, दूरच्या घराण्यात नव्याने येऊ शकते. शिवाय जुन्या समजुतींनी काही गट मुळातच चुकीच्या घरात ठेवले होते. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा सुगंध ज्याच्या जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो तो स्ट्रेप्टोमायसिस फांद्या फुटलेल्या तंतूंनी वाढतो, म्हणून त्याच्या कुळाला दीर्घकाळ कवक समजले गेले. आणि पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला तो ज्यांच्यामुळे, ते सायनोबॅक्टेरिया ‘नील-हरित शैवाल’ म्हणून वनस्पतींच्या पाठ्यपुस्तकात बसवले गेले, जिथे काही पुस्तकांत ते अद्याप आहेत. रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील या दोन थोर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जीवाणूंच्या नैसर्गिक, म्हणजे वंशाधारित वर्गीकरणाचा आराखडा मांडला होता; १९६२ मध्ये त्याच दोघांनी तो प्रयत्न व्यवहारतः सोडून देऊन, जीवाणू म्हणजे काय याची व्याख्या तेवढी पेशीरचनेवरून नक्की करण्यावर समाधान मानले. ज्यांनी आयुष्य या विषयाला दिले त्यांनी असा निष्कर्ष काढावा, यात त्यांचा पराभव नाही, प्रामाणिकपणा आहे. त्यांच्या हाती असलेल्या पुराव्यात नात्याची खूण खरोखरच नव्हती.

ती खूण रेणूंत होती. १९६५ मध्ये एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी मांडले की प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले हे उत्क्रांतीचे दस्तऐवज आहेत. पिढ्यानुपिढ्या नक्कल होताना त्यांत चुका साठत जातात, आणि दोन जीवांच्या दस्तऐवजांत जितका फरक, तितके त्यांचे नाते लांबचे. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वोझ याने या कल्पनेसाठी नेमका दस्तऐवज निवडला, तो रायबोसोममधील एक आरएनए रेणू. या निवडीतच त्याची दृष्टी दिसते. रायबोसोम प्रत्येक सजीवात असतो. त्याचे काम सर्वत्र एकच असते. ते काम इतके जीवनावश्यक की त्यात बदल फार सावकाश रुजतात. आणि जीवाणूंमध्ये हा रेणू जेमतेम पंधराशे घटकांचा असल्याने, त्या काळच्या तंत्राला तो निदान तुकड्यातुकड्याने वाचता येण्यासारखा होता. किरणोत्सारी फॉस्फरस घालून जीवाणू वाढवायचे, त्यांचा आरएनए वेगळा काढायचा, विकराने त्याचे तुकडे करायचे, ते विद्युतक्षेत्रात पसरवून क्ष-किरणांच्या फिल्मवर त्यांचे ठिपके उमटवायचे आणि मग त्या ठिपक्यांवरून प्रत्येक तुकड्यातील अक्षरे जुळवायची, असे हे काम होते. वोझ प्रकाशित टेबलावर फिल्म ठेवून दिवसचे दिवस ती वाचीत बसत असे.

त्याच विद्यापीठातील राल्फ वुल्फ हा मिथेनजनक सूक्ष्मजीवांचा जाणकार होता. प्राणवायूचा स्पर्शही न सोसणारे, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन वायू बनवणारे हे जीव. आकाराने कोणी गोल, कोणी दंडाकार, त्यामुळे तोवरच्या रिवाजाप्रमाणे त्यांची वाटणी वेगवेगळ्या जीवाणुगटांत व्हायची. १९७६ मध्ये त्यांच्यापैकी एकाच्या आरएनएचे तुकडे वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी वाचले तेव्हा जीवाणूंमध्ये हमखास आढळणारे काही तुकडे त्यात नव्हते. ते दृश्यकेंद्रकींच्या तुकड्यांशीही जुळत नव्हते. दुसरे मिथेनजनक तपासले, तेही तसेच, आणि ते सारे एकमेकांच्या जवळचे. नोव्हेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वोझ आणि फॉक्स यांनी निष्कर्ष मांडला की ज्याला आदिकेंद्रकी असे एकच नाव दिले गेले आहे तो एक गट नाही. त्यात एकमेकांपासून अतिशय दूर असलेली दोन घराणी आहेत. ही बातमी ३ नोव्हेंबरच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, पण विज्ञानजगताचे स्वागत थंड होते, आणि वुल्फला या प्रकरणापासून दूर राहण्याचा सल्ला एका नोबेलविजेत्याने दूरध्वनीवरून दिला. जर्मनीत मात्र ओटो कांडलर स्वतंत्रपणे पेशीभित्तिकांचा अभ्यास करत होता आणि मिथेनजनकांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, हे त्याला आढळले होते. आरएनए आणि भित्तिका या परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी एकच गोष्ट सांगत होत्या. १९९० मध्ये वोझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सृष्टी या वर्गीकरणातील पातळीच्याही वरची एक पातळी, अधिक्षेत्र, सुचवून सजीवांची तीन अधिक्षेत्रे मांडली: बॅक्टेरिया, आर्किया आणि दृश्यकेंद्रकींचे युकॅरिया. १९९६ मध्ये एका मिथेनजनकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यातील १७०० हून अधिक जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके तोवर अन्यत्र कुठेही न भेटलेली निघाली.

आर्कियांना जीवाणूंपासून वेगळे काढणारी लक्षणे बाहेरून दिसत नाहीत, पण ती वरवरची नाहीत. त्यांतील सर्वांत मूलभूत भेद पेशीपटलाचा आहे. जीवाणूंचे आणि आपले पेशीपटल मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडून बनते. आर्कियांचे पटल आयसोप्रीनच्या फांद्या असलेल्या साखळ्या ईथर बंधाने जोडून बनते, आणि त्यांतील ग्लिसरॉलचा सांगाडा जीवाणूंच्या सांगाड्याची आरशातील प्रतिमा असतो. डावा हात आणि उजवा हात यांच्यासारखा हा फरक आहे; एकाचे दुसऱ्यात सहज रूपांतर होत नाही, दोन्ही बनवणारी विकरे वेगळी असतात. याउलट डीएनएवरील माहिती वाचण्याची आर्कियांची यंत्रणा जीवाणूंपेक्षा आपल्या यंत्रणेच्या जवळची आहे, आणि अनेक आर्किया आपले डीएनए आपल्यासारख्याच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळतात. मिथेन हे चयापचयाचे मुख्य फलित म्हणून तयार करून त्यावर जगण्याची रीत फक्त त्यांच्याकडे आहे. माणसाला रोग देणारा एकही आर्किया आजवर निश्चितपणे सिद्ध झालेला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. रोगाच्या वाटेने जे भेटतात तेवढेच सूक्ष्मजीव माणसाने आधी मोजले, आणि कदाचित यामुळेही आर्किया इतका काळ नजरेआड राहिले.

मराठी परिभाषेविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ‘आदिजीवाणू’ हा शब्द काही पुस्तकांत रूढ आहे, परंतु त्यात दोन चुका बसल्या आहेत: आर्किया जीवाणू नाहीत, आणि ते जीवाणूंपेक्षा अधिक आदिम आहेत असेही म्हणता येत नाही. मूळ ग्रीक नावातच प्राचीनतेचा अर्थ आहे, कारण मिथेनजनकांना मानवेल तसेच वातावरण तरुण पृथ्वीवर असावे, अशी वोझची कल्पना होती. नाव राहिले, कल्पना तितकी ठाम राहिली नाही. म्हणून ‘आर्किया’ हाच शब्द तसाच वापरणे अधिक सुरक्षित वाटते. ‘जंतू’ या शब्दाला रोगाचा वास चिकटलेला असल्याने तो या विषयाला अपुरा पडतो. जीनस या पातळीसाठी प्रजाती आणि स्पीशीज या पातळीसाठी जाती हे मराठी ग्रंथांत रुळलेले शब्द मात्र येथेही चांगले चालतात.

आर्किया म्हणजे उकळत्या झऱ्यांत आणि विषारी डबक्यांत राहणारे विलक्षण जीव, असा समज पसरला आहे, आणि त्याला आधारही आहे. समुद्रतळावरील उष्णजलीय विवरांतून मिळालेला मिथेनोपायरस हा दाबाखाली १२२ अंश सेल्सिअसलाही वाढताना आढळला आहे. पण महाराष्ट्रातील वाचकाला आर्किया पाहण्यासाठी इतके दूर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर खारे आहे आणि त्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे मान, १०च्या आसपास असतो. जून २०२० मध्ये त्याचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा प्रथम संशय शैवालावर गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाणी आटून क्षारता वाढल्याने लवणप्रिय आर्किया फोफावले आहेत आणि रंग त्यांच्या पेशींतील रंगद्रव्यांचा आहे. भांड्यातील पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. मिठागरांतील उथळ वाफ्यांत मीठ धरू लागण्यापूर्वी पाण्यावर येणारी लाली बऱ्याच अंशी याच कुळाची. पेशीच्या आत पोटॅशियमचे क्षार दाटीने साठवून हे जीव बाहेरच्या मिठाचा ताण तोलतात. गोड्या पाण्यात टाकले तर फुटून जातात. त्यांच्यातील एक, हालोक्वाड्रॅटम, चक्क चौकोनी आणि कागदासारखा चपटा असतो. गायीच्या पोटात आणि गोबरगॅसच्या टाकीत तर जीवाणू आणि आर्किया यांची भागीदारीच चालते: जीवाणू गवताचे तंतू आणि शेणातील पदार्थ मोडून आम्ले व हायड्रोजन मोकळे करतात, आणि आर्किया त्यांतून मिथेन बनवून चुलीपर्यंत ज्वाला पोहोचवतात. १९९२ मध्ये महासागराच्या सामान्य, थंड पाण्यातही आर्कियांचे आरएनए सापडले, आणि मग विलक्षण परिस्थिती ही त्यांची व्याख्या राहिली नाही.

रेणूंनी दिलेला वंशवृक्ष मात्र निर्विवाद नाही. उत्क्रांतिविचाराचा ज्येष्ठ अभ्यासक अर्न्स्ट मायर याने १९९८ मध्ये आक्षेप घेतला की हत्ती, वड आणि अळिंबी यांच्यातील प्रचंड भेदांपुढे दोन केंद्रकहीन पेशींतील रासायनिक फरकाला इतके महत्त्व देणे प्रमाणाबाहेरचे आहे, आणि वर्गीकरणाने सजीवाकडे पाहावे, एका रेणूकडे नव्हे. हा आक्षेप हेटाळणीने बाजूला सारण्याजोगा नाही. वर्गीकरण कशासाठी, हा त्यामागचा प्रश्न खरा आहे. मात्र त्याचे उत्तर मायरच्या बाजूने जात नाही, कारण दिसण्यातील भेद मोजायचे तर ते डोळ्यांच्या ऐपतीनेच मोजले जातात, आणि त्याच ऐपतीने आधी फसवले होते.

याहून गंभीर अडचण जनुकांच्या आडव्या प्रवासाची आहे. जनुके केवळ मातृपेशीकडून कन्यापेशीकडे जात नाहीत. एक जीवाणू दुसऱ्याला, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या जीवाणूला, ती देऊ शकतो. फ्रेडरिक ग्रिफिथच्या १९२८ च्या प्रयोगात याची पहिली चाहूल लागली, १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टॅटम यांनी दोन पेशींच्या संयोगातून होणारी देवाणघेवाण दाखवली, आणि १९५०च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या जीवाणूत एकाच वेळी अनेक औषधांना प्रतिकार आढळला तेव्हा तो प्रतिकार याच वाटेने पसरतो हे ध्यानात आले. २००२ मध्ये एश्चेरिशिया कोलायच्या तीन वाणांचे जनुकसंच ताडून पाहिले असता तिघांच्या एकत्रित प्रथिनांपैकी अवघी ३९.२ टक्के तिघांतही समान निघाली, आणि तरी ती एकच जाती. जेथे मीलन आणि संतती यांची कसोटी लागू होत नाही, तेथे जाती ठरवायची कशी? १९८७ मध्ये तज्ज्ञांनी डीएनएच्या परस्पर जुळणीचा ७० टक्के हा उंबरठा ठरवला. आज जनुकसंचांतील सरासरी साम्य सुमारे ९५ टक्के असावे, अशी कसोटी लावतात. ही मापे उपयुक्त आहेत, पण ती माणसाने आखलेल्या रेषा आहेत हे विसरता येत नाही. त्याच मापाने मोजले तर माणूस आणि चिंपँझी एकाच जातीत बसतील.

रेषा आणि नाव यांच्यातील ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती प्लेगच्या जीवाणूत. ज्याला हाफकिनने तुपाच्या तवंगाखाली ओळखले, त्याला आधी बॅक्टेरियम, मग पाश्चरेला आणि १९४४ मध्ये, त्याचा शोध लावणाऱ्या येर्सिनच्या नावावरून, येर्सिनिया ही प्रजाती मिळाली. १९८० मध्ये डीएनएच्या तुलनेतून असे निष्पन्न झाले की प्लेगचा जीवाणू आणि त्याचा सौम्य आप्त, आतड्याचा आजार देणारा येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस, ही वस्तुतः एकच जाती आहे. नियमाप्रमाणे प्लेगच्या जीवाणूला त्याची उपजाती करून त्याचे नाव बदलायला हवे होते आणि तसे सुचवलेही गेले. परंतु नामकरणाच्या न्यायमंडळाने १९८५ मध्ये ते नाव फेटाळले. एवढ्या घातक जीवाणूच्या नावात गफलत होऊन कोणाचा जीव जाऊ नये, हे त्यामागचे कारण होते, आणि ते योग्यच होते. विरजणाच्या बाबतीत असा धोका नसल्याने तेथे नियम चालला: लॅक्टोबॅसिलस ही अवाढव्य झालेली प्रजाती २०२० मध्ये पंचवीस प्रजातींत विभागली गेली.

नामकरणाची शिस्त या क्षेत्रात कडक आहे. १ जानेवारी १९८० ला मान्य नावांची यादी निघाली आणि तीत नसलेली जुनी नावे रद्द झाली. तेव्हापासून नव्या जातीचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धसंग्रहांत जमा झाल्याशिवाय तिचे नाव वैध न धरण्यापर्यंत ही शिस्त वाढत गेली आहे. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा असाच एक संग्रह. अशा रीतीने वैध झालेल्या जाती आज वीस हजारांच्या पुढे आहेत. २०२१ मध्ये संघ या पातळीचीही नावे नियमांत आली आणि प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनॅडोटा, फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा झाले; जुन्या पुस्तकांतील नावे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. परंतु मातीतील किंवा समुद्रातील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांचे डीएनए थेट पर्यावरणातून वाचता येते, त्यावरून वंशवृक्षाच्या अख्ख्या नव्या फांद्या दिसल्या आहेत, आणि जिवंत नमुना नाही म्हणून त्यांना जुन्या नियमाने वैध नाव नाही. २०२२ मध्ये केवळ जनुकसंचावरून नाव नोंदवण्याची वेगळी संहिता निघाली ती यासाठी. दोन संहिता शेजारी शेजारी चालणे सोयीचे नाही, पण पृथ्वीवरील बहुतेक जीवांना अनाम ठेवणे त्याहून गैरसोयीचे आहे.

अशा फांद्यांपैकी एकीने तीन अधिक्षेत्रांचे चित्रच हलवले आहे. आर्क्टिक महासागराच्या तळाशी असलेल्या ‘लोकीचा किल्ला’ नावाच्या उष्ण विवरांजवळच्या गाळातून २०१५ मध्ये काही आर्कियांचे जनुकसंच जुळवले गेले, आणि त्यांत पेशीचा सांगाडा घडवणारी, पटले वाकवणारी अशी जनुके सापडली जी तोवर केवळ दृश्यकेंद्रकींची मानली जात होती. त्यांना आणि त्यांच्या आप्तांना आस्गार्ड आर्किया म्हणतात. आज अनेक अभ्यासकांचे मत असे आहे की दृश्यकेंद्रकी ही आर्कियांच्या शेजारची स्वतंत्र शाखा नसून त्यांच्याच पोटातून निघालेली फांदी आहे: एका आस्गार्ड आर्कियाने एक जीवाणू सामावून घेतला, त्या जीवाणूचे पुढे पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया झाले, आणि त्या भागीदारीतून वड, माणूस, बुरशी हे सारे आले. हे सारे जनुकसंचांवरून काढलेले अनुमान होते; असा जीव जिवंत कोणी पाहिला नव्हता. जपानजवळच्या नानकाई सागरी खंदकातून २००६ मध्ये काढलेला गाळ मिथेन पुरवून वर्षानुवर्षे जिवंत ठेवून, त्यातून एक आस्गार्ड आर्किया वाढवण्यात हिरोयुकी इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बारा वर्षांनी यश आले. ही पेशी दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे घेते आणि हायड्रोजन स्वीकारणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या सोबतीवाचून वाढत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती एक लहान गोळी दिसते, तिला कधी कधी फांद्या फुटलेल्या लांब भुजा येतात, पण आत केंद्रक नाही आणि कोणताही अवयव नाही. तिचे वर्णन जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले; प्रॉमेथिआर्किअम सिंट्रोफिकम हे तिचे नाव नियमानुसार नोंदवले जायला आणखी चार वर्षे लागली.